मदत हवी आहे: लेडीबग आणून सोडले, मावा तसाच आणि वांग्याच्या पानांची जाळी झाली

गच्चीवरची
पुण्यात तिसऱ्या मजल्यावर गच्ची, पंचवीसेक कुंड्या. चवळीचे दोन वेल गणपतीच्या आधी मस्त चढले होते. मग पाऊस थांबून आठवडाभर नुसतं ढगाळ राहिलं आणि काळा मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, आला. आला म्हणजे काय, शेंड्यांवर नि शेंगांच्या देठांवर मोहरी चिकटवल्यासारखा. खालची पानं चिकट, वर मुंग्यांची रांग.

मुलगा शेंगा वेलावरूनच तोडून खातो, त्यामुळे औषध मारायचं नाही हे पक्कं. व्हिडिओत एक परदेशी बाई पिशवी उघडून लेडीबग सोडते आणि मावा साफ, असं पाहिलं होतं. गौरींसाठी सासवडकडे गावी गेले, तर जाऊबाईंच्या वांग्यांवर हेच किडे ढिगाने! पुतण्यांनी तीसेक पकडून दिले. बरणीच्या झाकणाला भोकं पाडून एसटीने घेऊन आले. जाऊबाई हसत म्हणाल्या, "ने की, सगळेच ने." तेव्हा काही कळलं नाही.

सहा दिवस झाले. चवळीवर एकही थांबला नाही. सगळे वांग्याच्या कुंडीत, आणि पानांची नुसती जाळी. लेडीबग वांगं खातात का? की हे गावठी लेडीबग आहेत? चांगले विकत कुठे मिळतील?

अर्धा_एकर
जाऊबाई हुशार आहेत. 😄
एक किडा हातावर घ्या आणि ठिपके मोजा. पाठ चकचकीत आहे की मखमल लावल्यासारखी मळकट, तेही सांगा.

गच्चीवरची
मोजले. दोनदा. 28 भरले. पाठ मळकट, बारीक लव असल्यासारखी.

अर्धा_एकर
मग तो एपिलॅक्ना भुंगेरा. लेडीबगच्याच कुळातला, पण घरात एखादा निघतो ना तसा. मावा खात नाही, पानाचा हिरवा भाग खरवडून शिरा तेवढ्या ठेवतो. वांगं, बटाटा, टोमॅटो आवडीचे. सकाळी किडे सुस्त असतात तेव्हा झाड हलवून खाली साबणाच्या पाण्याचं घमेलं धरा. पानं उलटून पिवळ्या अंड्यांचे पुंजके आणि काटेरी पिवळट अळ्याही काढा.

आपल्या कामाचा तो ढालकिडा, म्हणजे मावा खाणारा लेडीबग. लालकेशरी, काचेसारखा चकचकीत. कुणावर सात ठिपके, कुणावर काळ्या नागमोडी रेघा. चवळीवर मावा असेल तर तो शोधत येतो, आणायला जावं लागत नाही.

सॅक्रामेंटोकर
विकतच्याबद्दल मी सांगतो, इथे कॅलिफोर्नियात दोनदा पैसे घालवलेत. नर्सरीत 1500 किड्यांची जाळीदार पिशवी मिळते. थंडीत डोंगरात घोळक्याने बसलेले असतात, तिथून गोळा करून विकतात. फ्रिजमध्ये ठेवा, संध्याकाळी झाडं ओली करून सोडा, सगळं केलं. सकाळी निम्मे गायब, तिसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या गुलाबावर. तो खूश.

अर्धा_एकर
आपल्याकडे विकत मिळतो तो मुख्यतः क्रिप्टोलेमस, हाही लेडीबगच्याच कुळातला. 1898 साली कॉफीवरच्या खवले किडीसाठी ऑस्ट्रेलियातून आणलेला, आता द्राक्षबागांत पिठ्या ढेकणासाठी सोडतात. जास्वंदीवर पांढरा कापूस असेल तर त्याचा विचार करा, माव्यासाठी नको.

आता मुंग्यांचं बघा. माव्याच्या बुडातून गोड चिकटा गळतो, तो मुंग्यांना हवा असतो. म्हणून त्या माव्याची राखण करतात आणि ढालकिड्याला हुसकावतात. कुंडी विटांवर ठेवून विटा पाणी भरलेल्या परातीत ठेवा, वेल भिंतीला टेकू देऊ नका. मुंग्या तोडल्या की निम्मं काम झालं. फार भरलेले शेंडे खुडून टाका, बाकी मावा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पाडा. आणि दोन कुंड्यांत शेपू, कोथिंबीर फुलावर येऊ द्या, मोठ्या झालेल्या ढालकिड्यांना परागही लागतो.

एक विचारायचं राहिलं. वेलावर काळ्या, सुसरीसारख्या, पाठीवर केशरी ठिपक्यांच्या बारीक अळ्या दिसल्या का?

गच्चीवरची
दिसल्या हो! गावाला जायच्या आधी आठ-दहा होत्या. फार भयंकर दिसत होत्या, चिमट्याने काढून साबणाच्या पाण्यात टाकल्या. का?

अर्धा_एकर
ती ढालकिड्याची पिल्लं होती.

सॅक्रामेंटोकर
अरेरे. तुमच्याकडे फुकट आले होते ते.

गच्चीवरची
मी आत्ता काय बोलू. म्हणजे खरे बुडवले आणि खोटे एसटीने आणले.

अर्धा_एकर
सगळ्यांचं होतं, मी पहिल्या वर्षी कडुनिंबाच्या तेलाने सगळीच मारली होती. मावा आहे तोवर परत येतील. अंड्यातून निघून मोठा ढालकिडा व्हायला तीनेक आठवडे लागतात, आणि त्यातला बराचसा काळ तो सुसरीच्या रूपात मावाच खात असतो. तोवर त्या वेलावर साबण, तेल काही नको.

गच्चीवरची
चार दिवसांनी लिहितेय. वांग्यावरचे 22 किडे घमेल्यात पडले, बाकीचे कुठे गेले देव जाणे. परातीमुळे मुंग्या खरंच थांबल्या. आज चवळीच्या पानाखाली पिवळी, उभी, टोकदार अंडी दिसली, चौदा-पंधरा. वांग्याच्या पानाखालीही अगदी तशीच आहेत. कुठली काढू?

अर्धा_एकर
वांग्यावरची काढा. चवळीवरची माव्याजवळच आहेत ना? मग राहू द्या.

गच्चीवरची
हो, अगदी खेटून. पानाला लाल दोरा बांधलाय, नाहीतर सासूबाई उद्या ते पानच खुडायच्या.