सल्ला हवा: हापूसच्या ऑर्डरी मधेच लटकतात, टू-फेज कमिट लावू का?

कातळावरचा: नमस्कार मंडळी. रत्नागिरीकडच्या काही बागायतदारांची ऑनलाइन विक्री सांभाळतो. ऑर्डर आली की पैसे घेणे, पावसच्या पॅकहाउसमध्ये पेटी राखणे, वाहतूकदाराच्या गाडीत जागा धरणे ही कामं तीन वेगळ्या सिस्टिमवर होतात. मे महिन्यात लाइट गेली की पावसचं नेट जातं. मग पैसे कापलेले, पेटीचा पत्ता नाही, आणि गिऱ्हाइकाचे फोन सुरू. पैसे आणि पेट्या दोन्हींचा हिशेब पोस्टग्रेस डेटाबेसवर आहे, म्हणून टू-फेज कमिटचा (आधी सगळ्यांकडून ‘तयार’ घ्यायचं, मग एकदम पक्कं करायचं) विचार आहे. की पायऱ्यांचा क्रम सांभाळणारं टेम्पोरल किंवा कॅमुंडासारखं टूल सरळ घ्यावं? आम्ही दोघंच आहोत, बजेट बेताचं.

खाडीपलीकडे: टू-फेज नको हो. पॅकहाउसने एकदा ‘तयार’ म्हटलं की समन्वयकाचा (सगळ्यांना ‘पक्कं करा’ सांगणाऱ्या प्रोग्रामचा) निरोप येईपर्यंत त्याला पुढेही जाता येत नाही आणि मागेही फिरता येत नाही. नेट दुपारी गेलं नि रात्री आलं, तर तोवर डेटाबेसमधल्या त्या ओळींवर लॉक. पोस्टग्रेसमध्ये प्रिपेअर्ड (‘तयार’ म्हणून थांबलेल्या) ट्रान्झॅक्शनची मर्यादा मुळात 0 असते, म्हणजे सोय बंदच. चालू केलीत आणि एखादं लोंबकळत राहिलं, तर लॉक सुटत नाही आणि व्हॅक्युमचं, म्हणजे जुन्या ओळी साफ करण्याचं, कामही अडतं. शिवाय वाहतूकदाराचा एपीआय (त्याच्या सिस्टिमशी बोलायची सोय) तुम्हाला ‘प्रिपेअर’ देणार आहे थोडाच!

घाटमाथा: सागा करा. 1987 मध्ये गार्सिया-मोलिना आणि सेलम यांनी ही कल्पना मांडली ती लांबणाऱ्या ट्रान्झॅक्शनसाठी. मायक्रोसर्व्हिसवाल्यांनी (एक सिस्टिम छोट्या स्वतंत्र सेवांत विभागणाऱ्यांनी) ती नंतर उचलली. प्रत्येक पायरी आपापल्या जागी कमिट (पक्की) होते आणि प्रत्येकीची उलट पायरी आपण लिहून ठेवायची.

तुमची खरी गडबड क्रमात दिसते. पैसे आधी का घेता? पेटी राखा, गाडीत जागा धरा, या दोन्ही गोष्टी सहज सोडता येतात. मग पैसे. माल निघाल्यावर उलट पायरी नाहीच. गाडी कशेडी ओलांडून गेली की आंबा परत आढीत येत नाही, तिथून फक्त पुढे ढकलत राहायचं.

सागात आयसोलेशन नसतं, म्हणजे अर्धवट स्थिती इतरांना दिसते. म्हणून पेटीला ‘तात्पुरती राखीव’ अशी स्थिती द्या आणि तिला मुदत घाला. आणि मुळात स्टॉकचा हिशेब पावसच्या मशीनवर ठेवताच कशाला? क्लाउडवर ठेवा, पॅकहाउसला नेट आलं की यादी उतरवून घेऊ दे.

कातळावरचा: क्रमाचं पटलं. पण मुदत संपल्यावर पैसे आले तर? आणि रिफंडच फसला तर?

घाटमाथा: पेटी शिल्लक असेल तर पुन्हा राखा, नाहीतर रिफंड. रिफंड होईपर्यंत प्रयत्न चालू ठेवायचे, ठरावीक वेळानंतर माणसाच्या यादीत टाकायचं. मात्र तीच विनंती दोनदा गेली तरी पैसे एकदाच परत जायला हवेत, तेव्हा दरवेळी तीच ‘आयडेम्पोटन्सी की’ (त्या विनंतीची ओळखखूण) पाठवा. पेमेंट गेटवेचे वेबहुकही (पैसे आल्याचे आपोआप येणारे निरोप) दोनदा येतात. पेमेंट आयडीवर युनिक कन्स्ट्रेंट (तोच आयडी दोनदा नोंदवू न देणारा नियम) हवाच.

खाडीपलीकडे: टूलबद्दल: टेम्पोरल कुठे थांबलं होतं ते लक्षात ठेवतं, पण उलट पायऱ्या तुम्हालाच लिहाव्या लागतात, वर त्याचा सर्व्हर सांभाळा. कॅमुंडात बीपीएमएनची (कामाचा ओघ दाखवणारी) आकृती मिळते, ती बागायतदार बघणार आहेत का? दोघांच्या टीमला पोस्टग्रेसमधलं एक आउटबॉक्स टेबल (पाठवायचे निरोप साठवणारं) आणि एक वर्कर (ते पाठवत राहणारा प्रोग्राम) पुरे. ऑर्डरची स्थिती आणि पाठवायचा निरोप एकाच लोकल ट्रान्झॅक्शनमध्ये लिहा.

कातळावरचा: आउटबॉक्सने सुरुवात करतो. हंगाम चालू आहे, आधी पैशांची पायरी शेवटी नेतो.