पुणे-ओकायामा-सॅन होजे: सिस्टर सिटीचे दौरे बंद करायचे की माणसं बदलून चालू ठेवायचे?

सिंहगडरोडकर
परवा रविवारी आईला पु. ल. देशपांडे उद्यानात नेलं होतं. तिचे गुडघे दुखतात म्हणून छोट्या पुलावरच थांबलो, खाली मासे तोंडं वर काढून गोळा झाले आणि आई म्हणाली, ही बाग आपली वाटतच नाही रे, कुणीतरी लांबून आणून ठेवल्यासारखी आहे. आणि ते खरंच आहे. हिचं दुसरं नाव पुणे-ओकायामा मैत्री उद्यान, २००६ ला झाली, जपानच्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर. घरी येऊन वाचत बसलो तर कळलं की मूळ कोराकुएन १७०० साली पुरी झाली, १९३४ च्या पुरात आणि १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात तिची वाट लागली आणि मग जुन्या चित्रांवरून नकाशांवरून ती परत जशीच्या तशी उभी केली. आणि अजून एक, अमेरिकेतल्या सॅन होजे शहरातही याच कोराकुएनवरून केलेली बाग आहे, १९६५ ची, कारण ओकायामा आणि सॅन होजे १९५७ पासून सिस्टर सिटी आहेत, म्हणजे आपसात मैत्रीचा करार केलेली शहरं. आणि सॅन होजे १९९२ पासून आपल्या पुण्याचीही सिस्टर सिटी आहे. म्हणजे तीन शहरं आणि एकाच बागेची तीन रूपं.

आता मुद्दा. २५ जुलै २०२४ ला पहाटे आमच्या पार्किंगमध्ये पाणी शिरलं. खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या आसपास विसर्ग होता, आम्हाला कळलं ते खालच्या मजल्यावरच्या काकूंनी दार वाजवलं तेव्हा. आईला तिसऱ्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवलं, दोन गाड्या गेल्या, खालच्या दोन घरांतलं धान्य गेलं. त्याआधी २५ सप्टेंबर २०१९ ला आंबील ओढ्याच्या पुराने काय केलं ते सगळ्या पुण्याला माहितीये. आणि ही बाकीची दोन शहरं बघा. सॅन होजेत २०१७ ला वरचं धरण भरून वाहिलं आणि कोयोटी क्रीक या ओढ्याच्या काठच्या १४ हजार लोकांना घरं सोडावी लागली. ओकायामा प्रांतात २०१८ च्या जुलैत कुराशिकीतला माबी भाग पाण्याखाली गेला, पन्नासच्या वर माणसं गेली. तिघांचं दुखणं एकच आहे हो! मग दौरे होतात त्यात हे का नसतं? माझं मत, दौरे बंद करू नका. धरणाचे, नाल्याचे, अग्निशमनचे लोक पाठवा, सोबत दोन वस्तीतली माणसं पाठवा, आणि तिकडचे इकडे आणून आमच्या सिंहगड रोडच्या पूर आलेल्या एकता नगरीत फिरवा.

नळस्टॉप
तुमच्या घरात पाणी शिरलं त्याचं मनापासून वाईट वाटतं, पण मी या सगळ्याच्या विरोधात आहे. विसर्ग वाढवताना पाटबंधारे खात्याने महापालिकेला कळवायचं, महापालिकेने वॉर्डाला, वॉर्डाने सोसायट्यांना. तीन फोन. हे तीन फोन रात्री दोन वाजता कसे लागतील हे शिकायला ओकायामाला जावं लागत नाही, पाटबंधारे खात्याच्या सिंचन भवनात जाऊन बसावं लागतं. निळ्या रेषेच्या, म्हणजे नदीच्या पूररेषेच्या आत बांधकामं कशी झाली याचं उत्तरही जपानमध्ये नाहीये, ते पुण्यातल्याच फायलींत आहे.

दुसरं, जपानकडून पुण्याच्या नदीसाठी खरी मदत आली ती जायकाची, म्हणजे जपान सरकारच्या मदत संस्थेची. मैलापाणी शुद्धीकरणाचा ९९० कोटींचा प्रकल्प, तोही केंद्र सरकारमार्फत. त्यात ओकायामा शहराचा काय संबंध होता सांगा. मी विद्यार्थी असल्यापासून अभ्यास दौरे ऐकतोय, वीस वर्षांत एका दौऱ्याचा अहवाल माझ्या हाती पडलेला नाही. ज्या शहरात बसची वाट बघत माणूस पाऊण तास उभा राहतो तिथे एक विमानाचं तिकीटसुद्धा मला जास्त वाटतं.

शिवाजीपार्क_दादर
नळस्टॉपशी सहमत, मुंबईचं उदाहरण देतो. योकोहामा १९६५, लेनिनग्राड म्हणजे आत्ताचं सेंट पीटर्सबर्ग, श्टुटगार्ट १९६८, लॉस एंजेलिस १९७२, बुसान, २०१४ ला शांघाय. यादी केवढी मोठी! आता श्टुटगार्टची मर्सिडीज भारतात आली तेव्हा कुठे आली? पुण्यात. आज चाकणला कारखाना आहे. सिस्टर मुंबई आणि कारखाना पुण्याला. कंपनी जमीन, रस्ता, वीज, सुटे भाग बनवणारे कारखानदार आणि शिकलेली पोरं बघून येते, महापौरांनी दिलेली शाल बघून येत नाही.

भोसरी_वर्कशॉप
दादरकर, अर्धं बरोबर. सुट्या भागांवाले म्हणालात ना, ते आम्ही. माझं सीएनसीचं छोटं युनिट आहे, अकरा माणसं. काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या व्यापारी शिष्टमंडळात स्वखर्चाने जर्मनीला गेलो होतो. पाच दिवसांतले तीन स्वागत, भाषण, जेवण यात गेले, उरलेल्यात वीस वीस मिनिटांच्या भेटी लावलेल्या, मला बसवलं एका पॅकेजिंगवाल्यासमोर. मी हायड्रॉलिकचे व्हॉल्व बॉडी करतो, त्याला माझा काय उपयोग. भयंकर चिडलो होतो.

पण शेवटच्या दिवशी दुभाषा मुलगा ओळखीने एका टूलरूममध्ये घेऊन गेला. सतरा-अठरा वर्षांची पोरगी सरफेस ग्राइंडरवर काम करत होती, आठवड्यात काही दिवस शाळा, काही दिवस कारखाना. प्रत्येक मापाच्या साधनाला भिंतीवर त्याच्या आकाराची रिकामी जागा, संध्याकाळी एक जागा रिकामी दिसली की कुणी घरी जात नाही. परत येऊन पहिल्या आठवड्यात मी तसा बोर्ड केला, फोम कापून. मायक्रोमीटर हरवायचे बंद झाले, रिजेक्शन कमी झालं, आणि चौदा महिन्यांनी त्या टूलरूमवाल्याने एका ओळखीच्या कंपनीचं ड्रॉइंग पाठवलं. पहिली ऑर्डर दोनशे नगांची. त्यामुळे जाऊच नका हे मला पटत नाही. महाराष्ट्र आणि जर्मनीतलं बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य यांचा २०१५ पासून राज्य पातळीवर करार आहे, तो कागद आम्हाला दार उघडून देतो. आत जाऊन काय बघायचं ते ठरवायला मात्र कारखान्यातलाच माणूस पाहिजे.

निफाडची_बाग
आमचं पण ऐका. २०१० साली द्राक्षात सीसीसी म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाचा अंश सापडला म्हणून युरोपात माल अडकला. माझा एक कंटेनर रॉटरडॅमच्या बंदरात उभा होता आणि मी इथं ओट्यावर बसून फोन लावत होतो. एक्स्पोर्टर म्हणायचा तिकडचा व्यापारी बोलत नाही, व्यापारी म्हणायचा लॅब बोलत नाही. ऑक्टोबर छाटणीपासून डिपिंग, थिनिंग, मणी मोजून ठेवलेले, बायकोने स्वतः कात्री धरलेली, आणि शेवटी हाती आलं ते बँकेचं पत्र. तवा वाटायचं, आपल्या नाशिकचं आणि त्या रॉटरडॅमचं काहीतरी नातं पाहिजे होतं, तिथल्या नगरपालिकेत एक माणूस पाहिजे होता जो म्हणेल थांबा, मी बंदरावर विचारून सांगतो. माल सोडा म्हणून नाही हो, नुसतं खरं काय ते सांगा म्हणून. चार आठवडे कुणी खरं सांगितलं नाही.

रेसिड्यू_लॅब
दादा, तो हंगाम मीही बघितलाय, तेव्हा नवीनच लागलो होतो. पण नगरपालिकेतला माणूस काहीही करू शकला नसता, अंशाची मर्यादा युरोपियन युनियन ठरवतं, शहर नाही. नंतर द्राक्ष सावरली ती सीसीसी तपासणीच्या यादीत आलं, बागेच्या नोंदणीपासून पेटीपर्यंत ग्रेपनेट या सरकारी ऑनलाइन नोंदीवर माग लागतो, मान्यताप्राप्त लॅबचा रिपोर्ट असल्याशिवाय माल निघत नाही, यामुळे. करार व्हावा तर लॅब ते लॅब, तिथल्या आणि इथल्या केमिस्टचा. शहराशहरांच्या मैत्रीवर शेतकऱ्याने आशा ठेवू नये असं मला कळकळीने वाटतं, परत फसायला नको.

निफाडची_बाग
लॅबचं बरोबर आहे, त्याचे उपकार आहेत. पण मी पुढे २०१६ ला चार जणांबरोबर हॉलंडला गेलो, सुपरमार्केटच्या डेपोत आपली पेटी उघडताना बघितली. बाई हातमोजे घालून घड उचलते, देठ हिरवा आहे का बघते, मग मणी. आधी देठ! आम्ही इथं आयुष्यभर मणी बघत आलो. तेव्हापासून माझ्या पॅकहाऊसला प्रीकूलिंगला, म्हणजे तोडणीनंतर लगेच गार करायला, माल उशिरा गेला तर मी भांडतो. हे लॅबच्या रिपोर्टात लिहून येत नाही.

सॅनहोजे_मूळ_चिंचवड
धागा उशिरा बघितला. केली पार्कमधली ती जपानी बाग माझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर. २०१७ च्या फेब्रुवारीत क्रीकचं पाणी त्या बागेतही शिरलं, माशांच्या तळ्यात नुसता गाळ. सिंहगडरोडकर, तुमचं ते काकूंनी दार वाजवलं वाचून अंगावर काटा आला, कारण इथेही तेच झालं. रॉक स्प्रिंग्ज वस्तीत लोकांना कळलं ते अग्निशमनचे लोक बोटी घेऊन आले तेव्हा. इशारा वेळेवर पोचला नाही हे तेव्हाच्या महापौरांनी जाहीरपणे मान्य केलं, नंतर सभा झाल्या, लोक येऊन बोलले, व्हिएतनामी आणि स्पॅनिश बोलणाऱ्यांना इंग्रजी मेसेजचा काय उपयोग यावर फार बोललं गेलं.

त्यानंतर भारतातून एका शहराचं शिष्टमंडळ आलं होतं, कुठलं ते सांगत नाही, मी स्वयंसेवक म्हणून साड्या, पुरणपोळ्या, लेझीम सगळं सांभाळलं. बाग दाखवली. गाळाची रेघ झाडांवर तेव्हा दिसत होती. एकानेही विचारलं नाही की ही कसली. मला त्या रात्री खरंच रडू आलं, कारण माझी बहीण पुण्यात नदीजवळच्या दत्तवाडीत राहते.

नळस्टॉप, इथे सिस्टर सिटीचं बरंचसं काम लोक पदरमोड करून, सुट्टी टाकून करतात. तुमच्या बसच्या पैशाला हात लावायची गरज नाही.

नळस्टॉप
ताई, ती रेघ वाचून थांबलो. सरकारी पैशाने दौरा नको यावर मी ठाम आहे. पण त्या सभांमध्ये लोक काय बोलले, नंतर शहराने इशाऱ्याची पद्धत कशी बदलली, हे कागद मिळत असतील तर मला हवेत. विमानाशिवाय होणारं आहे ते. मराठीत करायचं काम मी घेतो.

सिंहगडरोडकर
कागद हवेतच, पण मी हट्ट सोडत नाही. भोसरीवाल्यांना तो बोर्ड आणि निफाडच्या दादांना तो देठ कागदात दिसला नसता. निदान एकदा, तिथला इशारा देणारा माणूस जुलैत इथे यावा, आमच्या पार्किंगमध्ये उभा राहावा, भिंतीवर पाण्याची खूण माझ्या छातीएवढी आहे ती बघावी आणि मग विचारावं की रात्री दोनला तुम्हाला कोण उठवतं. ताई, त्या स्वयंसेवकांपैकी कुणी तयार होईल का विचारा. राहायची सोय आमच्या सोसायटीत, जेवण आई करेल.

सॅनहोजे_मूळ_चिंचवड
विचारते. गुरुवारी मीटिंग आहे. सभांच्या नोंदी सार्वजनिक आहेत, त्या आज रात्रीच शोधून नळस्टॉपना पाठवते.