केंब्रिज: खरा अभ्यास शिकवणीत

काही जण म्हणतात की व्हिक्टोरियन केंब्रिजमधली विद्वत्ता प्राध्यापकांच्या व्याख्यानांतून घडली. गणितापुरतं तरी मला हे पटत नाही. ट्रायपॉस म्हणजे केंब्रिजची गणिताची पदवी परीक्षा; तिची तयारी करून घ्यायचे ते खासगी शिकवणीवाले. त्यांत एडवर्ड राउथ सर्वांत नावाजलेले. १८५४ साली ते स्वतः पहिले आले, आणि दुसरे कोण, तर पुढे थोर भौतिकशास्त्रज्ञ झालेले जेम्स क्लार्क मॅक्सवेल! पुढे राउथांच्या हाताखालून दोन डझनांहून जास्त सीनियर रँग्लर (या परीक्षेत पहिले आलेले) तयार झाले. आपले र. पु. परांजपे १८९९ मध्ये (विभागून) पहिले आले ते याच परीक्षेत.

पण ट्रायपॉसच्या या चर्चेत फिलिपा फॉसेट या विद्यार्थिनीचं नाव यायलाच हवं. १८९०, सेनेट हाउस, म्हणजे निकाल वाचला जायचा ते विद्यापीठाचं सभागृह. आधी पुरुषांची यादी वाचली, मग स्त्रियांची. स्त्रियांना क्रमांक नसायचा, फक्त पुरुषांच्या यादीत कुठे बसतात ते सांगायचे. तिच्या नावापुढे वाचलं गेलं, ‘सीनियर रँग्लरच्या वर’. सभागृह दणाणून गेलं. पदवी मात्र नाहीच. केंब्रिजमध्ये स्त्रियांना पूर्ण पदवी मिळायला १९४८ उजाडलं, आणि त्याच वर्षी फिलिपा वारली. हे आठवलं की अजून जीव तुटतो.