उदवाडियांचा २०१२ चा टीबीवरचा शोधनिबंध: केमिस्टांना नेमकं काय सांगावं?

कुर्लाकर:
कुर्ला-गोवंडीतल्या केमिस्टांसाठी एक पानी माहितीपत्रक करतोय. आधार आहे तो मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयाच्या डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी 'क्लिनिकल इन्फेक्शिअस डिसीजेस'मध्ये छापलेल्या टिपणाचा, २०१२. रुग्ण फक्त चार, तपासलेल्या सगळ्या औषधांना दाद न देणारे. तेव्हा पेपरवाल्यांनी 'टीडीआर' (टोटली ड्रग रेझिस्टंट, म्हणजे कुठल्याच औषधाला दाद न देणारा टीबी) हा शब्द उचलला, पण त्यातून दुकानात उभ्या असलेल्या माणसाला काय कळणार? चालू उपचारात एखादंच नवं औषध जोडल्याने एवढं बिघडतं कसं, हे आकड्यांत सांगता येईल का? आणि टीडीआर हा शब्द आज वापरावा का?

क्षयवाचक:
चारपैकी तिघांबद्दल त्यात जे लिहिलंय ते पत्रकाच्या सगळ्यात वर घ्या. दीड वर्षात सरासरी चार खाजगी डॉक्टर, सेकंड लाइनची (नेहमीची औषधं चालेनाशी झाल्यावर द्यायची) औषधं एकेक करून वाढवलेली, बऱ्याचदा मात्रा चुकीची, देखरेख नाही. माझ्या मते टिपणाचा जीव तिथे आहे.

आता आकडे. फुफ्फुसात पोकळी झाली असेल तर तिच्यात साधारण १० कोटी जंतू धरा. आयसोनिआझिड आणि रिफाम्पिसिन ही टीबीची दोन मुख्य औषधं. आयसोनिआझिडला न जुमानणारा जंतू दर १० लाखांत एक आपोआपच असतो, रिफाम्पिसिनला न जुमानणारा १० कोटींत एक. नुसतं आयसोनिआझिड दिलं तर शंभरेक जंतू वाचतात आणि पुढे तेच वाढतात. दोन्ही एकदम दिली तर दोघांनाही पुरून उरणारा एक जंतू सापडायला एकावर चौदा शून्यं इतके जंतू लागतील. तेवढे कुणाच्याच छातीत नसतात.

फसगत इथे होते: आधीची चार औषधं निकामी झालेली असताना पाचवं जोडलं, की चिठ्ठीवर पाच दिसतात पण लढतं एकटं पाचवं. पहिले काही आठवडे खोकला कमी होतो, भूक लागते, सगळ्यांना वाटतं औषध लागू पडलं. मग पुन्हा ताप, आणि पाचवंही गेलेलं.

उदवाडियांचाच २०१० चा 'प्लॉस वन' या नियतकालिकातला अभ्यासही जोडा: १०६ खाजगी डॉक्टरांनी टीबीसाठी ६३ वेगवेगळ्या औषधयोजना लिहिल्या, बरोबर लिहिणारे सहा. १९९१ च्या धारावीतल्या अभ्यासात १०० डॉक्टरांकडून ८० निघाल्या होत्या.

बेडका-बाटली:
लॅबच्या बाजूने. 'औषध बदलण्याआधी नमुना' ही ओळ ठळक छापा. एकदा नवं औषध सुरू झालं की कल्चर (लॅबमध्ये नमुन्यातले जंतू वाढवून बघायची तपासणी) उगवेलच असं नाही.

थुंकी नको, बेडका हवा: साध्या पाण्याने चूळ भरायची, दोन-तीन खोल श्वास, मग छातीतून खोकून २ ते ५ मिली. सकाळचा उत्तम. खिडकीपाशी किंवा उघड्यावर, बंद खोलीत नाही. नाव बाटलीच्या अंगावर लिहा, झाकणावर नको. झाकण उघडून बाजूला ठेवलं की नमुना बेवारस. लगेच पोचवता येत नसेल तर २ ते ८ अंशांवर ठेवा. मुंबईच्या मे महिन्यात बाहेर राहिलेल्या बाटलीत तोंडातले जंतू टीबीच्या आधी माजतात आणि कल्चर 'कंटॅमिनेटेड' येतं.

रिपोर्टबद्दल: नेहमीची सीबीनॅट (जंतूचा डीएनए शोधणारी यंत्रावरची तपासणी) दोनेक तासांत फक्त रिफाम्पिसिनचं सांगते. 'रेझिस्टन्स नॉट डिटेक्टेड' म्हणजे सगळी औषधं चालतील असं नाही, आयसोनिआझिडचा प्रतिकार तिथे दिसतच नाही. त्यासाठी एलपीए (लाइन प्रोब असे) ही वेगळी डीएनए तपासणी. द्रव कल्चर निगेटिव्ह म्हणायला ४२ दिवस थांबावं लागतं. आणि उपचार चालू असताना सुधारणा मोजायला सीबीनॅट वापरू नका, मेलेल्या जंतूंचा डीएनएही ती पकडते.

पवईची वाचक:
टीडीआर हा शब्द टाळा. जागतिक आरोग्य संघटनेने तो स्वीकारला नाही, कारण सेकंड लाइनच्या काही औषधांच्या प्रयोगशाळेतल्या चाचण्या तेवढ्या भरवशाच्या नव्हत्या आणि नवी औषधं यायची होती. बेडाक्विलिन या नव्या टीबीच्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली तीच २०१२ च्या डिसेंबरात. एक्सडीआरची (एमडीआर, म्हणजे आयसोनिआझिड-रिफाम्पिसिनला दाद न देणारा टीबी, त्याच्याही पुढची पायरी) व्याख्याही २०२१ मध्ये बदलली: पूर्वी त्यावर फ्लुरोक्विनोलोन गटातलं औषध आणि एक इंजेक्शन यांना प्रतिकार, आता फ्लुरोक्विनोलोन आणि बेडाक्विलिन किंवा लिनेझोलिड यांना. जुना रिपोर्ट नव्या व्याख्येने वाचला की घोळ होतो.

कुर्लाकर:
खूप आभार. केमिस्टने स्वतः करायचं असं काही?

क्षयवाचक:
हो, आणि हे ठासून लिहा. दोन आठवड्यांच्या वर खोकला असलेल्याला चिठ्ठीविना लिव्होफ्लॉक्सासिन (फ्लुरोक्विनोलोन गटातलं अँटिबायोटिक) देऊ नका. ते टीबीचंही औषध आहे. पाच दिवसांच्या पट्टीने खोकला दबतो, निदान लांबतं आणि एमडीआरच्या उपचारातलं एक महत्त्वाचं औषध हातचं जातं. टीबीची औषधं १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ (चिठ्ठीवरच आणि नोंद ठेवून विकायच्या औषधांची सरकारी यादी) मध्ये आहेत. रजिस्टरमध्ये डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि नग लिहायचे, रजिस्टर तीन वर्षं जपायचं. जुन्या चिठ्ठीवर नुसतं एकच नवं नाव पेनाने वाढवलेलं दिसलं, तर देण्याआधी डॉक्टरांना फोन करून विचारायचं: बेडका तपासायला दिलाय का?