नागपुरातल्या शांतता समित्यांमध्ये तेच ते चेहरे. मग वस्तीचा पोलिसांवर विश्वास बसणार कसा?

मानेवाडा रिंगरोड
मारबत, गणपती, ईद, रामनवमी. सण जवळ आला की ठाण्यात शांतता समितीची बैठक लागते. मंडळांचे अध्यक्ष, माजी नगरसेवक, बाजारातले दोन-चार वजनदार व्यापारी. ठाणेदार सहकार्याचं आवाहन करतात, फोटो निघतो, सगळे घरी जातात. या मंडळींची पोलिसांशी ओळख आधीपासूनच असते. कळमना मार्केटमधला हमाल, भाड्याच्या खोलीत राहून नर्सिंग शिकणारी मुलगी, चौकातला तर्री-पोहेवाला यांना बोलावणं येत नाही. त्यांची पोलिसांशी पहिली भेट होते मोबाईल चोरीला गेल्यावर. मग विचारतात, "चोरीला गेला की हरवला?" हरवला म्हटलं की गुन्हा दाखल करायची गरजच उरत नाही.

17 मार्च 2025 च्या संध्याकाळी महाल भागात दगडफेक आणि जाळपोळ झाली, पोलीस उपायुक्तही जखमी झाले, शहराच्या मोठ्या भागात संचारबंदी लागली. समित्या तेव्हाही होत्या. अफवा मोबाईलवरून फिरत होती तेव्हा "थांबा रे, खरं काय ते मी सांगतो" असं पोरांना म्हणू शकेल असा खाकीतला ओळखीचा माणूस किती गल्ल्यांत होता?

माझी मागणी साधी आहे. बीट अंमलदार, म्हणजे ठाण्याच्या हद्दीतला एक ठरावीक भाग सांभाळणारा पोलीस, एकच ठेवा आणि तो टिकवा. महिन्यातून एकदा त्याने वस्तीत यावं, बुद्धविहारात, मशिदीच्या अंगणात, समाजभवनात, जिथे लोक सहज येतील तिथे. आधीच्या महिन्यात आलेल्या तक्रारींचं काय झालं ते सगळ्यांसमोर सांगावं. केरळमध्ये 2008 पासून 'जनमैत्री' योजनेत बीटवरचा पोलीस घरोघरी जाऊन ओळख करून घेतो. नागपुरात हे का होऊ नये?

निवृत्त हवालदार, पाचपावली
भाऊ, अर्धीच गोष्ट सांगून राहिले तुमी. बीटवरचा माणूस टिकवा म्हणता. त्याले बीटवर राहू कोण देते? डिसेंबरात अधिवेशन, मंग विधानभवनाचा बंदोबस्त. दसऱ्याले दीक्षाभूमी. जामठ्याले मॅच असली की तिकडे. मधात व्हीआयपी दौरे, मोर्चे, कोर्टाची पेशी. घरी लेकरू आजारी असलं तरी सुट्टी भेटत नाई. बीट कागदावर त्याच्याच नावानं असते, पण तो तिथं दिसत नाई.

अन् लोकायचंबी सांगतो. डोळ्यांदेखत चाकू चालला तरी पंच म्हणून सही करा म्हटलं की घराघराले कुलूप. साक्षीले उभा राहिलेला माणूस कोर्टात पलटते. आरोपी सुटला की म्हणतात पोलिसानं पैसे खाल्ले. विश्वास काय एकाच बाजूनं ठेवाचा असते का?

टेका नाका
हवालदार काका, तुमच्या बंदोबस्ताचं दुखणं मान्य. पण मूळ मागणीलाच माझा विरोध आहे. प्रत्येक घर ओळखणारा पोलीस मानेवाड्यात आधार वाटत असेल. आमच्याकडे त्याचा अर्थ वेगळा होतो. कुठेही काही घडलं की ओळखीच्या घरांवर आधी थाप पडते. माझ्या धाकट्या भावाला एका ठाण्यात "नुसतं विचारायला" म्हणून नेलं आणि रात्र तिथेच काढायला लावली. कागदावर त्याची नोंदही नव्हती. त्याचं नाव कोणी दिलं? मोहल्ल्यातल्याच एका 'पोलीस मित्रा'ने, म्हणजे पोलिसांना मदत करणाऱ्या स्वयंसेवकाने, ज्याचं आमच्याशी नळाच्या पाण्यावरून भांडण होतं.

तामिळनाडूत 'फ्रेंड्स ऑफ पोलीस' ही अशाच स्वयंसेवकांची योजना 1993 मध्ये सुरू झाली, हेतू चांगलाच होता. 2020 मध्ये सातनकुलमला जयराज आणि बेनिक्स या बापलेकांचा पोलीस कोठडीतल्या मारहाणीनंतर मृत्यू झाला. त्या प्रकरणात या स्वयंसेवकांवरही आरोप झाले आणि सरकारला योजनाच थांबवावी लागली. ओळख वाढली म्हणून मारहाण थांबत नाही. आधी ठाण्यातले कॅमेरे चालू ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्येच प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही लावायला सांगितले आहेत. मैत्रीचं नंतर बघू.

जरीपटक्याची ताई
टेका नाका, तुमच्या भावाबद्दल वाचून वाईट वाटलं. तरीही पोलीस वस्तीपासून दूर राहिले तर काय होतं ते आमच्या भागाने भोगलंय. कस्तुरबानगरमध्ये अक्कू यादव या गुंडाने वर्षानुवर्षं बायकांवर अत्याचार केले, खंडणी घेतली. तक्रार केली की उलट तक्रार करणारीच्याच घरी त्रास सुरू व्हायचा. 13 ऑगस्ट 2004 रोजी न्यायालयाच्या आवारात, भर दिवसा, जमावाने त्याला ठार केलं. वस्तीतल्या बायका पुढे होत्या. दहा वर्षांनी, 2014 मध्ये, पुराव्याअभावी सगळे निर्दोष सुटले. लोक अजूनही ती गोष्ट शौर्यकथेसारखी सांगतात. मला ती ऐकवत नाही. कपडे-भांडी करून घर चालवणाऱ्या बायकांना हातात शस्त्र घ्यावं लागलं, कारण ठाण्याच्या दारातून त्यांना परत पाठवलं जात होतं.

म्हणून मला दोन्ही हवंय. कॅमेरेही आणि ओळखीचा अंमलदारही. आणि तो अंमलदार शक्यतो बाई असावी. 2017 मध्ये नागपुरात अडचणीतल्या बायकांना मदत करणारा पोलिसांचा भरोसा सेल सुरू झाला तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायका तिथे पोलीस स्टेशनपेक्षा सहज जाऊ लागल्या. समुपदेशक, वकील, पोलीस एकाच छताखाली, आणि समोरची व्यक्ती बसायला खुर्ची देते. ही खुर्ची फार मोठी गोष्ट आहे, हसू नका कोणी.

मानेवाडा रिंगरोड
टेका नाका, पोलीस मित्रांचं ओळखपत्र वाटायला माझाही विरोधच आहे. म्हणून तर मी वर्दीतल्या माणसाबद्दल बोलतोय, त्याला जाब विचारता येतो. महाराष्ट्र पोलीस कायद्यात 2014 च्या दुरुस्तीने राज्य आणि विभागीय पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरणाची, म्हणजे पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या यंत्रणेची, तरतूद झाली. वस्तीच्या पहिल्याच बैठकीत त्याचा पत्ता फळ्यावर लिहा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात, कलम 173 मध्ये, हद्द कुठलीही असो दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यायची आणि तक्रारदाराला एफआयआरची प्रत फुकट द्यायची, असं लिहिलंय. ठाण्याने नकार दिला तर वरिष्ठ अधिकाऱ्याकडे लेखी जाता येतं, तिथूनही नाही तर दंडाधिकाऱ्याकडे. तपास कुठवर आला ते नव्वद दिवसांत कळवायचं, हेही त्याच कायद्यात आहे. हे बीट अंमलदाराने स्वतःच्या तोंडाने लोकांना सांगितलं, तर उद्या तोच "हरवला लिहा" म्हणू शकणार नाही.

टेका नाका
सांगेल, पण "माझ्याच विरुद्ध तक्रार इथे करा" हे कोण सांगेल? एकाने जरी सांगितलं तर मी पहिल्या रांगेत बसेन. तोवर बैठकीला येणाऱ्यांची नावं-फोन नंबर लिहून घेणारी वही ठेवायची नाही, ही माझी अट.

निवृत्त हवालदार, पाचपावली
वही नाई ठेवली तर वरून विचारतात, बैठक झाली याचा पुरावा दाखवा. तेवढ्यासाठी फोटो काढा लागतात बाप्पा, हौस म्हणून नाई. तुमाले खरंच करायचं असन तर आधी आयुक्तालयाले लिहा, की अधिवेशनाच्या बंदोबस्तातून प्रत्येक ठाण्याचे बीटवाले वगळा, बाहेरून फौज येतेच. त्या अर्जावर मी सही करतो. अन् वहीबद्दल ताईचं काय म्हणणं आहे?

जरीपटक्याची ताई
फक्त किती बाया आणि किती पुरुष आले तो आकडा लिहायचा. नावं नाहीत. अर्जाचा मसुदा मी करते, काका तुम्ही बंदोबस्ताचा भाग नीट लिहून द्या. टेका नाका, कॅमेऱ्यांचा मुद्दा तुमच्या शब्दांत हवाय मला.