‘नॉइज’, ‘आवाज’ की ‘व्यत्यय’? मोटर-ड्राइव्हच्या मराठी मजकुरातील शब्दनिवड

प्रश्न

कारखान्याच्या देखभाल विभागासाठी मी मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हची, म्हणजेच व्हीएफडीची, मराठी सूचनापुस्तिका तयार करीत आहे. मूळ मजकुरात ‘नॉइज’ हा शब्द पानोपानी येतो. हाती असलेल्या एका जुन्या मराठी मसुद्यात त्यासाठी सरसकट ‘आवाज’ वापरला आहे, तर दुसऱ्यात ‘गोंगाट’. यांपैकी कोणता शब्द ठेवावा?

प्रतिसाद

‘आवाज’ कृपया ठेवू नये, कारण या ठिकाणी तो वाचणाऱ्याकडून नेमकी उलटी कृती करवून घेईल. ड्राइव्हमधील आयजीबीटी, म्हणजे स्विचसारखे काम करणारे ट्रान्झिस्टर, सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतात आणि ही कॅरिअर फ्रिक्वेन्सी बहुतेक ड्राइव्हमध्ये साधारण २ ते १६ किलोहर्ट्झच्या दरम्यान निवडता येते. ती २ किलोहर्ट्झच्या आसपास ठेवली, तर मोटरमधून कानाला टोचणारी शिटी ऐकू येते. वाढवत नेली की मोटर शांत होते. मात्र उघडझाप जितकी जास्त, तितका मोटर केबलमधून जमिनीकडे जाणारा गळती प्रवाह वाढतो आणि शेजारून जाणाऱ्या सिग्नलच्या तारांना होणारा उपद्रवही वाढतो. म्हणजे कानाला ऐकू येणारा आवाज घटवायचा तर फ्रिक्वेन्सी वाढवावी लागते आणि विद्युत नॉइज, म्हणजे तारांमध्ये शिरणारे विजेचे नको असलेले तरंग, घटवायचा तर ती कमी करावी लागते. दोन्हींसाठी एकच शब्द छापला, तर सूचना प्रामाणिकपणे पाळणारा माणूसच अडचणीत येईल.

‘गोंगाट’ या शब्दातूनही ध्वनीचाच बोध होतो. ‘खरखर’ रेडिओला शोभते, कारण तिथे ती खरोखर ऐकू येते. पॅनेलमध्ये मात्र हीच गोष्ट प्रेशर ट्रान्समीटरचे रीडिंग थरथरणे, एन्कोडरच्या (फिरणे मोजणाऱ्या साधनाच्या) मोजणीत जादा पल्स येणे किंवा कोणी बटण न दाबताही पीएलसीचे (यंत्रे चालवणाऱ्या नियंत्रकाचे) इनपुट क्षणभर चालू होणे अशा रूपांत दिसते. म्हणून मी असे सुचवेन की कारणासाठी ‘विद्युत नॉइज’ आणि परिणामासाठी ‘व्यत्यय’ असे दोन शब्द वेगळे ठेवावेत. ‘ड्राइव्ह सुरू केला की नॉइज येतो’ असे कामगार स्वतःच म्हणतात, त्यामुळे पहिला शब्द समजावून सांगावा लागणार नाही. हा भेद उपायांच्या वर्णनातही उपयोगी पडतो. काँटॅक्टरची (विजेने ओढल्या जाणाऱ्या स्विचची) कॉइल एसी असेल तर तिच्यावर आरसी स्नबर (रोधक आणि कपॅसिटरची जोडी) आणि डीसी असेल तर उलट्या दिशेने डायोड लावणे, हा नॉइज उगमाशीच दाबण्याचा उपाय आहे. ०–१० व्होल्टऐवजी ४–२० मिलिॲम्पिअरचा सिग्नल पीळ दिलेल्या जोडतारेतून नेल्याने मात्र नॉइज तसाच राहतो, फक्त व्यत्यय कमी होतो.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. ‘केबलची शील्ड (तारांभोवतीचे धातूचे आवरण) अर्थ करावी’ असेही एक वाक्य मसुद्यात आहे. ते तसेच ठेवले तर चालेल का?

प्रतिसाद

माझ्या मते ते अपुरे आहे. ‘अर्थिंग’ म्हटले की आपल्याकडे जमिनीत पुरलेला इलेक्ट्रोड आणि हिरवी तार डोळ्यांसमोर येते. ती विजेचा धक्का बसू नये यासाठी असते आणि ५० हर्ट्झला ती आपले काम चोख करते. ड्राइव्हच्या नॉइजची गोष्ट वेगळी आहे. ४१५ व्होल्टच्या पुरवठ्यावर ड्राइव्हच्या डीसी बसवर (आतल्या एकदिश पुरवठ्याच्या पट्ट्यांवर) सुमारे ५८७ व्होल्ट असतात आणि प्रत्येक उघडझापीत हा दाब मायक्रोसेकंदाच्या अंशात चढतो किंवा उतरतो, त्यामुळे नॉइजची कंप्रता काही मेगाहर्ट्झपर्यंत जाते. शील्ड पिळून तिचे १० सेंटिमीटरचे शेपूट केले, तर त्याचे प्रवर्तन (इंडक्टन्स) ढोबळमानाने १०० नॅनोहेन्री होते, म्हणजे १० मेगाहर्ट्झला सुमारे ६ ओहम अडथळा. मल्टिमीटर तिथे जवळजवळ शून्य दाखवतो आणि तपासणारा निश्चिंत होतो.

यासाठी एका वाक्याची दोन करावीत. ‘मोटर केबलची शील्ड ड्राइव्हकडे व मोटरकडे, अशी दोन्ही टोकांना, रंग खरवडलेल्या धातूवर पूर्ण घेर पकडणाऱ्या क्लँपने किंवा ग्लँडने जोडावी, शेपूट करू नये.’ दुसरे वाक्य ॲनालॉग सिग्नल केबलसाठी: ‘शील्ड, उत्पादकाने वेगळे सांगितले नसल्यास, फक्त पॅनेलच्या टोकाला जोडावी.’ दुसऱ्या टोकालाही जोडली आणि दोन जागांच्या अर्थमध्ये दाबाचा फरक असला, तर शील्डमधूनच ५० हर्ट्झचा प्रवाह फिरू लागतो.

आणखी एक प्रतिसाद

याच मजकुरात ‘हार्मोनिक्स’ (पुरवठ्याच्या ५० हर्ट्झच्या पटींतील कंप्रता) हा शब्द आला असल्यास तो ‘नॉइज’च्या खाली घालू नये. ड्राइव्हच्या इनपुटला निर्माण होणारे पाचवे व सातवे हार्मोनिक अनुक्रमे २५० आणि ३५० हर्ट्झचे असतात आणि ते पुरवठ्याच्या तारांमधून ट्रान्सफॉर्मरकडे जातात. त्यांच्यासाठी लाइन चोक, म्हणजे पुरवठ्याच्या तारेत घातलेली कॉइल, लागतो. मेगाहर्ट्झमधल्या नॉइजसाठी ईएमआय फिल्टर (विद्युतचुंबकीय व्यत्यय रोखणारा फिल्टर) निराळा बसवावा लागतो. पुस्तिकेत नावे वेगळी नसतील तर खरेदी विभाग एकाऐवजी दुसरे मागवू शकतो.