मदत हवी आहे: सीगॅसला परका डीएनए कळतो तरी कसा?

नमस्कार मंडळी,

इम्युनॉलॉजीच्या सेमिनारला हा विषय घेतलाय आणि एका जागी असा अडकलोय की पुढची स्लाइडच होत नाहीये. कोणी या विषयातलं असेल तर प्लीज सांगा.

मला कळलंय ते आधी लिहितो. डीएनए असायला हवा न्यूक्लियसमध्ये नाहीतर मायटोकॉन्ड्रियात, सायटोप्लाझममध्ये सापडला म्हणजे काहीतरी बिनसलंय, एकतर व्हायरस शिरलाय किंवा बॅक्टेरिया घुसलाय किंवा पेशीचाच डीएनए बाहेर सांडलाय. तिथे सीगॅस नावाचं एन्झाइम असतं, ते डीएनएला चिकटलं की एटीपी आणि जीटीपीपासून सीगॅम्प नावाचा छोटासा गोल रेणू बनवतं, तो जाऊन एंडोप्लाझमिक रेटिक्युलमवरच्या स्टिंग नावाच्या प्रोटीनला लागतो, स्टिंग तिथून गॉल्जीकडे सरकतं, टीबीके१ या एन्झाइमला गोळा करतं, ते आयआरएफ३ या जीन चालू करणाऱ्या प्रोटीनला फॉस्फेट लावतं आणि मग आयआरएफ३ न्यूक्लियसमध्ये जाऊन इंटरफेरॉन बीटाचा (म्हणजे धोक्याचा इशारा देणाऱ्या प्रोटीनचा) जीन चालू करतं. स्टिंग कळलं २००८ मध्ये आणि सीगॅस २०१३ मध्ये, झिजियान चेन यांच्या लॅबमधून. म्हणजे मधली इतकी वर्षं निरोप घेणारा माहीत होता पण डीएनएला प्रत्यक्ष धरणारा कोण ते पक्कं होत नव्हतं, मला हा भाग फार आवडला.

आता अडचण. डीएनए ओळखणाऱ्या दुसऱ्या एका प्रोटीनचं, टीएलआर९ चं, मला पटतं, ते एंडोसोममध्ये (पेशीतल्या छोट्या पिशवीत) बसून मिथाइल नसलेल्या सीपीजी (सी नंतर जी येणाऱ्या) जागा बघतं, त्या बॅक्टेरियात भरपूर असतात आणि आपल्यात कमी. पण सीगॅस सीक्वेन्स वाचतच नाही! ते धरतं साखर-फॉस्फेटचा कणा, आणि तो व्हायरसचा काय नि आपला काय, सारखाच. बरं, फक्त जागेवरून ठरवतं म्हणावं तर पेशी विभागताना न्यूक्लियसचं आवरणच सुटतं, तेव्हा सगळे क्रोमोसोम उघडे पडतात ना, मग दर विभाजनाला इंटरफेरॉन का येत नाही? त्यात काही पेपरमध्ये वाचलं की सीगॅस न्यूक्लियसमध्येही भरपूर असतं. मग तर जागेचा मुद्दाच गेला.

अजून एक, आमचे सीनियर म्हणतात प्लाझ्मिड (छोटा गोल डीएनए) टाकला की काही सेल लाइन्स (लॅबमध्ये वाढवलेल्या पेशी) लगेच खराब होतात आणि हेक २९३टी मात्र मस्त राहतात. याचा यात काही संबंध आहे का?

प्रतिसाद १

प्रश्न एकदम बरोबर जागी आलाय. जागा हे अर्धंच उत्तर आहे, उरलेलं अर्धं म्हणजे डीएनए कशात गुंडाळलाय ते. आपला डीएनए हिस्टोन नावाच्या प्रोटीनवर गुंडाळलेला असतो आणि २०२० मध्ये बऱ्याच ग्रुपनी जवळपास एकदमच स्ट्रक्चर काढून दाखवलं की सीगॅस न्यूक्लिओसोमवरच्या (हिस्टोन आणि त्यावर गुंडाळलेला डीएनए यांच्या गाठोड्यावरच्या) एच२ए-एच२बी या हिस्टोनच्या ॲसिडिक पॅचला घट्ट चिकटतं. ज्या भागाने डीएनए धरायचा त्यातलाच एक भाग तिथे अडकून पडतो, मग दोन सीगॅस आणि दोन डीएनए अशी जी जोडी जमावी लागते ती जमतच नाही. म्हणजे न्यूक्लियसमधलं सीगॅस असतं, पण बांधलेलं असतं. शिवाय विभाजनाच्या वेळी सीगॅसवर फॉस्फेट लागून ते आणखी थंड होतं, आणि आवरण फाटलं तर बीएएफ नावाचं प्रोटीन डीएनएवर आधी जाऊन बसतं आणि सीगॅसला जागा देत नाही.

लांबीचंही बघा. माणसाच्या सीगॅसला आखूड तुकडे फारसे चालत नाहीत, लांब डीएनए लागतो. आणि जे काही सायटोप्लाझममध्ये सांडतं ते ट्रेक्स१ नावाचं एन्झाइम कुरतडून टाकतं. ट्रेक्स१ बिघडलं की लहान मुलांना आयकार्डी-गुटिएर सिंड्रोम होतो, बाहेरचा काही संसर्ग नसताना इंटरफेरॉन वाढलेलं. ट्रेक्स१ काढलेले उंदीर सुजेने मरतात पण सोबत सीगॅसही काढलं तर वाचतात. ही स्लाइड नक्की टाका, अख्खा मुद्दा एका प्रयोगात येतो.

प्रतिसाद २

हेकचं सोपंय, २९३टी मध्ये सीगॅस जवळजवळ नसतंच आणि स्टिंगही नाहीच्या बरोबर, त्यामुळे प्लाझ्मिड आत गेला तरी या वाटेने बोंब होत नाही. टीएचपी१ या सेल लाइनमध्ये हीच वाट शाबूत आहे, तिथे डीएनए टाकलात तर इंटरफेरॉन येणारच. मॅक्रोफेजसारख्या पेशी असतील तर एआयएम२ हे प्रोटीन पण धरा, ते सायटोप्लाझममधल्या डीएनएवर इन्फ्लमासोम (सूज पेटवणारा प्रोटीनांचा गट) बांधतं, कॅस्पेस-१ हे प्रोटीन कापणारं एन्झाइम चालू होतं आणि पेशी सरळ फुटते. ही वाट वेगळी आहे, स्टिंगच्या बाणाला जोडू नका.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचे खूप खूप आभार, न्यूक्लिओसोमचं कुठेच इतकं सरळ वाचलं नव्हतं! पण मग मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएवर तर हिस्टोन नसतात, तो बाहेर आला तर?

प्रतिसाद १

तर सीगॅस पेटतं, आणि खरंच पेटतं. तो टीएफएएम नावाच्या प्रोटीनवर पॅक केलेला असतो, पण हिस्टोनसारखा बंदोबस्त त्याने होत नाही. अपॉप्टोसिसमध्ये (पेशीच्या ठरवून होणाऱ्या मरणात) बॅक्स आणि बॅक ही प्रोटीनं मायटोकॉन्ड्रियाला भोकं पाडतात तेव्हा हा डीएनए बाहेर येतो, पण त्याच वेळी कॅस्पेस चालू असल्यामुळे इंटरफेरॉन दाबलं जातं आणि पेशी गुपचूप मरते. कॅस्पेस अडवून बघितलं तर तीच मरणारी पेशी इंटरफेरॉन सोडायला लागते, हे २०१४ मध्ये दाखवलंय. वेळ उरला तर सेमिनारमध्ये हे घ्या, प्रश्न याच्यावरच येतील.